आगे किसी से पूछ लेना

ग्वाल्हेरच्या महाराज बाड्यावर उभं राहून कुणालाही पत्ता विचारा. 'माहीत नाही' हे उत्तर मिळणार नाही. पानवाला असो, टेम्पोवाला असो, टोपी बाजारातून पिशवी सांभाळत निघालेल्या बाई असोत, आधी ती व्यक्ती आकाशाकडे बघेल, मग ते नाव दोनदा स्वतःशी पुटपुटेल आणि शेवटी हात लांब करून म्हणेल, "सीधे चले जाओ भाईसाब, आगे किसी से पूछ लेना." मला ठाऊक नाही, ही कबुली त्या शेवटच्या पाच शब्दांत आलेली असते, पण इतक्या अदबीनं, की विचारणाऱ्याला ती पाटणकर बाजार ओलांडल्यावर कळते. तोवर सांगणारा आपल्या कामाला लागलेला असतो आणि विचारणारा पुढच्या माणसाकडे, जो पुन्हा आकाशाकडे बघतो.

बाड्याचंच उदाहरण घ्या. कागदोपत्री त्याचं नाव जयाजी चौक आहे. जयाजी चौक कुठे, असं बाड्यावरच विचारलंत तरी कुणीतरी तुम्हाला सरळ पुढे पाठवेल.

माझा दिवस ज्या यंत्रांबरोबर जातो, त्यांना ही अदब नाही. लिनक्सवर एखादा प्रोग्रॅम हवा असला तर इंटरनेटवर वणवण करायची, कुठूनतरी फाइल उतरवायची आणि 'नेक्स्ट, नेक्स्ट, फिनिश' करत बसायचं, असा रिवाज नाही. प्रत्येक लिनक्स-घराण्याचं आपलं एक कोठार असतं. कोठारातल्या प्रत्येक गोष्टीला, म्हणजे पॅकेजला, ठरलेलं नाव असतं. नाव सांगितलं की ती वस्तू आणि तिला लागणारं सगळं गणगोत आणून बसवणारा एक कारभारी असतो. डेबियन आणि उबुंटूच्या घरी तो ॲप्ट, डेबियनकडे तर १९९८ पासून आहे. रेड हॅट आणि फेडोराकडे पूर्वी यम होता, आता डीएनएफ आहे. आर्चकडे पॅकमॅन, अल्पाइनकडे एपीके. कोठारंही लहान नाहीत. २०२३ साली डेबियनची बारावी आवृत्ती आली तेव्हा तिच्यात ६४,००० हून अधिक पॅकेजं होती. त्यात अक्षरवळणं आहेत, खेळ आहेत, खगोलशास्त्र आहे. देवनागरी फाँटांमध्ये नकुल आणि सहदेव या नावांची दोन पॅकेजं आहेत. धर्मराज, भीम आणि अर्जुन या नावांच्या फाँटांची मात्र चौकशी केलीत तर ॲप्ट कानांवर हात ठेवतो. माद्रीचीच मुलं तेवढी का आली आणि कुंतीची का राहिली, हा प्रश्न महाभारताच्या अभ्यासकांनी घ्यावा.

तर ॲप्टला नसलेलं नाव सांगितलं की तो काय करतो, ते पाहण्यासारखं आहे. आधी तो म्हणतो, 'रीडिंग पॅकेज लिस्ट्स… डन'. मग, 'बिल्डिंग डिपेंडन्सी ट्री… डन'. मग, 'रीडिंग स्टेट इन्फर्मेशन… डन'. तीनदा 'झालं' म्हणून आपल्या आशा पुरेशा वाढवल्यावर खाली एक ओळ येते: 'ई: अनेबल टु लोकेट पॅकेज', आणि तिच्यापुढे आपण लिहिलेलं नाव, आपल्या स्पेलिंगसकट. ई म्हणजे एरर. बस्स. आकाशाकडे बघणं नाही, पुटपुटणं नाही, पुढे कुणाला विचारा हेसुद्धा नाही.

जिवाजीगंजात आमचे एक काका राहतात. नात्यानं काका नव्हेत; लष्कर या ग्वाल्हेरच्या भागात जुन्या मराठी वाड्यांतली सगळीच वडीलधारी माणसं काका किंवा काकू असतात. निवृत्त झाल्यावर त्यांनी जुन्या संगणकावर डेबियन बसवलं, कारण विंडोजनं त्या संगणकाला म्हातारा ठरवलं होतं आणि काकांनी ते मनाला लावून घेतलं. त्यांच्यापुढचं काम म्हणजे गणेशोत्सव मंडळाच्या जुन्या छापील स्मरणिका. पानं पिवळी पडून कडांनी झडू लागलेली. ती स्कॅन करायची, चित्रातली अक्षरं ओळखून त्यांचा मजकूर करायचा. या कामाला टेसरॅक्ट नावाचं फार चांगलं, फुकट मिळणारं साधन आहे. त्याला प्रत्येक भाषेची वेगळी पुरवणी लागते. काकांनी कुठेतरी वाचलं होतं की संगणकाच्या जगात मराठीची खूण 'एमआर'. खरंच आहे ते. दोन अक्षरी आंतरराष्ट्रीय खुणांमध्ये हिंदी 'एचआय' आणि मराठी 'एमआर'. तेव्हा त्यांनी शांतपणे ॲप्टकडे 'टेसरॅक्ट-ओसीआर-एमआर' मागितलं.

डन, डन, डन. आणि ई.

"अरे, हा तर साफ मना करतोय!" काकांचा फोन आला. "मराठी नाही म्हणतो! दौलतराव शिंद्यांनी १८१० साली इथं तळ टाकला तेव्हापासून आम्ही इथं आहोत, आणि हा म्हणतो सापडत नाही!"

काकांचं दुःख मला कळत होतं. ग्वाल्हेरात आता मराठी कुठे उरली, हे वाक्य त्यांनी पुण्याच्या पाहुण्यांकडून इतक्या वेळा ऐकलंय, की तेच यंत्रानं सांगितल्यावर ते भडकले. तशी ॲप्टच्या संदेशांची मराठी भाषांतरं आहेत. मुंबईच्या सी-डॅकमधल्या जनभारती गटानं ती केली. पण काकांनी संगणक इंग्रजीत ठेवलाय. मातृभाषेत नकार ऐकायला नको वाटतो, असं त्यांचं म्हणणं.

मला मात्र ॲप्टची बाजू घ्यावीशी वाटली. तो 'नाही' म्हणालाच नव्हता. 'मला सापडत नाही', इतकंच म्हणाला होता. त्याच्याजवळ एक यादी असते. काल-परवा कधीतरी तुम्ही 'अपडेट' ही आज्ञा दिलीत, तेव्हा सर्व्हरवरून उतरवून घेतलेली. त्या यादीबाहेर जग आहे की नाही, याबद्दल त्याचं काहीच मत नसतं. नवं कोरं डेबियन कंटेनरमध्ये सुरू करा आणि अपडेट न करता काहीही मागा. सगळ्या दुनियेला ठाऊक असलेली नावंसुद्धा तो 'सापडत नाही' म्हणतो, कारण त्याची यादीच अजून कोरी असते. उबुंटूच्या कोठाराचा एक मोठा विभाग 'युनिव्हर्स' नावाचा आहे. तो सुरू केलेला नसेल, तर अख्खं विश्व असूनही ॲप्टच्या दृष्टीनं नसतं. काका, अपडेट केलंत का, असं मी विचारलं. केलं होतं. एकदा नव्हे, रागानं दोनदा.

ॲप्टचा हा एकच नकार नाही, हे सवयीनं कळतं. दुसऱ्या प्रकारात तो म्हणतो, की हे पॅकेज उपलब्ध नाही, पण दुसरं एक पॅकेज त्याचा उल्लेख करतं. याचा अर्थ ते हरवलं असेल, कालबाह्य झालं असेल, किंवा दुसऱ्या कोठारात मिळत असेल. ही ओळ पहिल्यांदा नीट वाचली तेव्हा मला खासगी बाजारातला एक वाडा आठवला. दारावर जुन्या भाडेकरूची पाटी तशीच आहे, टपाल अजून त्या नावानं येतं, आणि चौकशी केली की शेजारच्या काकू सांगतात, "हो, होते इथं. आता नाहीत. मुलाकडे गेले असतील पुण्याला, नाहीतर…" आणि पुढचं वाक्य त्या पुरं करत नाहीत. ॲप्टनं तिन्ही शक्यता नेमक्या मांडल्या आहेत. काही वाक्यं अर्धवट सोडावीत, एवढा पोच मात्र त्याच्याकडे नाही.

तिसरा प्रकार मला सगळ्यात आवडतो. 'मेल-ट्रान्सपोर्ट-एजंट' हे नाव मागा. ॲप्ट सांगतो, हे नाव आहे खरं, पण या नावाचं प्रत्यक्ष कुणी नाही; या नावाला ओ देणारे एक्झिम आहेत, पोस्टफिक्स आहेत, आणखीही आहेत, तेव्हा नक्की कोण हवंय ते स्पष्ट सांगा. अशा नावांना आभासी पॅकेज म्हणतात. लष्करात जाऊन 'अण्णासाहेबांचं घर' विचारणाऱ्याला हेच उत्तर मिळतं: "कौनसे वाले?" आणि ओ देणारा एकच असला, तर ॲप्ट फार वाद घालत नाही. 'अमुकऐवजी तमुक निवडतो आहे', अशी एक नम्र नोंद करून काम उरकतो.

नावं बदलतातच. डेबियनमध्ये फायरफॉक्स ब्राउझर २००६ पासून जवळजवळ दहा वर्षं 'आइसवीझल' या नावानं राहत होता. मोझिलाच्या व्यापारचिन्हावरून झालेल्या कुरबुरीमुळे. कोल्ह्याचा वीझल झाला, २०१६ मध्ये पुन्हा कोल्हा. पायथन या भाषेची दुसरी पिढी निवृत्त झाल्यावर तर नुसतं 'पायथन' मागणाऱ्याला उबुंटूनं दारातून परत पाठवायला सुरुवात केली, आणि त्या लोकांची सोय म्हणून एक नवं पॅकेज काढलं. त्याचं नाव 'पायथन-इज-पायथन३'. म्हणजे पॅकेज कसलं, प्रतिज्ञापत्रच. मी, खाली सही करणार, यापुढे अमुक नावानं ओळखला जाईन.

पण नामांतराच्या बाबतीत आमचं गाव कुणाला हार जाणार नाही. डेबियनच्या प्रत्येक पॅकेजाबरोबर एक छोटा कागद येतो. त्यात 'प्रोव्हाइड्स', 'कॉन्फ्लिक्ट्स', 'रिप्लेसेस' असे रकाने असतात: हे पॅकेज कुणाच्या नावाला ओ देतं, कुणाशी याचं पटत नाही, कुणाची जागा घेतं. ग्वाल्हेरात एक व्हिक्टोरिया कॉलेज होतं. अटलबिहारी वाजपेयी तिथं शिकले. आज त्याचं नाव महाराणी लक्ष्मीबाई कॉलेज. १८५८ च्या जूनमध्ये राणी ज्या गावात व्हिक्टोरियाच्या फौजेशी लढता लढता पडली, त्याच गावात ती व्हिक्टोरियाच्या जागी आली. तिच्या कागदावर 'रिप्लेसेस: व्हिक्टोरिया' आणि 'कॉन्फ्लिक्ट्स: व्हिक्टोरिया' हे दोन्ही रकाने लिहिता येतील, आणि दोन्ही अक्षरशः खरे असतील. टेम्पोवाले या सगळ्यात पडत नाहीत. ते 'एमएलबी' म्हणतात.

आता एक प्रश्न असा, की पाच नावं दिली आणि त्यातलं एक चुकीचं निघालं, तर बाकीच्या चारांचं काय करायचं? यावर या घराण्यांमध्ये अनेक वर्षं मतभेद आहेत. ॲप्टची ॲप्ट-गेट ही आज्ञा कडक. एक नाव सापडलं नाही की पाचही रद्द; काहीही बसवत नाही. जुना यम मवाळ होता. 'अमुक पॅकेज उपलब्ध नाही' असं मध्येच एका ओळीत पुटपुटून उरलेली चार बसवून मोकळा व्हायचा. पाचही चुकीची असतील तर म्हणायचा, 'नथिंग टु डू'. यमाच्या तोंडी 'आता करण्यासारखं काही राहिलं नाही' हे वाक्य घालणाऱ्यांना मराठी येत नव्हतं, ही त्यांची सुटका. (यमाचं पूर्ण नाव 'यलोडॉग अपडेटर, मॉडिफाइड' असं काहीतरी निरुपद्रवी आहे.) २०१५ मध्ये फेडोरानं यमाच्या जागी डीएनएफ आणला, आणि तो ॲप्टसारखा कडक निघाला. ज्यांना मवाळपणाच हवा, त्यांच्यासाठी त्याच्या पाचव्या अवतारात 'नसलेलं सोडून द्या' असा वेगळा पर्याय आहे. पण तो मागून घ्यावा लागतो.

वरवर बघता यमाचं वागणं जास्त माणुसकीचं वाटतं. पण लग्नाच्या पत्रिका वाटायला पाठवलेला मुलगा आठवा. पाच पत्रिका दिल्या. चार घरं सापडली, पाचवं सापडलं नाही. मुलगा घरी येऊन "वाटल्या" म्हणाला आणि क्रिकेट खेळायला गेला. पाचव्या घराचं काय झालं, हे लग्नानंतर कळतं आणि मग पुढच्या दोन पिढ्यांना कळत राहतं. रात्री दोन वाजता सर्व्हरवर आपोआप चालणाऱ्या स्क्रिप्टमध्ये यम असंच करायचा. सकाळी सगळं हिरवं, आणि आठवड्यानं कुठेतरी भलतंच कोसळायचं. ॲप्टच्या हाती पत्रिका दिल्या असत्या तर तो पाचही तशाच परत घेऊन आला असता, दारातच उभा राहून म्हणाला असता, एक घर सापडत नाही, काय करू सांगा. वैताग येतो, पण मान राहतो. माझं मत ॲप्टला.

काम फत्ते झालं की नाही, हे सांगायची लिनक्समध्ये आणखी एक मुकी पद्धत आहे. प्रत्येक आज्ञा संपताना एक आकडा मागे ठेवून जाते. ॲप्ट-गेटच्या माहितीपुस्तिकेत स्वच्छ लिहिलंय: सगळं सुरळीत झालं तर शून्य, चूक झाली तर शंभर. आज्ञेचं नावच ओळखीचं नसेल तर आज्ञा ऐकून घेणारा बॅश १२७ देतो. मुलाला शंभरपैकी शंभर पडल्यावर बहादुराच्या दुकानातले बुंदीचे लाडू वाटणाऱ्या गावात हा हिशेब समजावून सांगणं कठीण जातं. काकांना मात्र शून्याचं कौतुक लगेच पटलं, कारण ग्वाल्हेरकराचा शून्यावर वडिलोपार्जित हक्क आहे. किल्ल्याच्या चढावर चतुर्भुजाचं एकाच खडकात कोरलेलं छोटं देऊळ आहे, आणि तिथल्या शिलालेखात इ.स. ८७६ मध्ये २७० हात लांब आणि १८७ हात रुंद बागेचं दान नोंदवलंय. त्या २७० मधलं शून्य आजच्यासारखंच, गोल. शून्याचा शोध इथं लागला असं गाइड ठोकून देतात, त्यांचं फार मनावर घेऊ नये. पण दान देणाऱ्यानं बाग हातांनी मोजली, देवाला रोज ५० माळा ठरवल्या आणि आकडे चोख लिहिले, एवढं दगडावर आहे. इथं आकाशाकडे बघणं नाही.

सगळेच कारभारी ॲप्टसारखे तुटक नसतात. पॅकमॅन 'टार्गेट नॉट फाउंड' म्हणतो, म्हणजे त्याच्याही वरताण. पण जेंटूचा 'इमर्ज' सारखी नावं शोधतो आणि 'कदाचित यातलं एखादं म्हणायचं असेल' अशी यादी पुढे ठेवतो. ॲप्टचा भाऊबंद ॲप्टिट्यूड म्हणतो, या नावाचं पॅकेज नाही, मात्र ज्यांच्या नावात हे अक्षर-तुकडे आहेत अशी ही पाहा. एपीके तर भावुकच आहे. नाव सापडलं नाही की ते कुणी मागितलं हेही सांगतो, आणि मागणाऱ्याच्या जागी लिहितो 'वर्ल्ड'. त्याच्याकडे तुमच्या मागण्यांची फाइल त्याच नावाची असते, एवढंच कारण. एखाद्या एकट्या म्हाताऱ्यानं दुपारी दोन वाजता काही मागितलं तरी एपीके नोंदवणार: जगाला हवं आहे.

उबुंटूत तर पॅकेज सोडा, नुसती आज्ञा चुकली तरी सांभाळून घेणारी सोय आहे. फाइलींची यादी दाखवणारी आज्ञा 'एलएस'. बोटं घाईत असली की ती 'एसएल' होते. उबुंटू म्हणतो, अशी आज्ञा इथं नाही. पण 'एसएल'च हवी असेल तर ती अमुक पॅकेजमध्ये मिळते, बसवून घ्या. आणि खरंच मिळते. तोयोदा मासाशी नावाच्या एका जपानी गृहस्थानं चुकीच्या टायपिंगवर औषध म्हणून हा प्रोग्रॅम लिहिला. 'एसएल' म्हणजे स्टीम लोकोमोटिव्ह. चूक केली की पडद्यावरून एक अक्षरांचं वाफेचं इंजिन धूर सोडत उजवीकडून डावीकडे जातं. कंट्रोल-सी दाबून ते थांबत नाही. गाडी जाईपर्यंत फाटक बंद. त्याला 'एल' ही चिठ्ठी जोडली तर इंजिन छोटं होतं, आणि हा पर्याय ग्वाल्हेरकरांसाठी ठेवलाय याबद्दल माझ्या मनात शंका नाही. श्योपूरपर्यंत जवळजवळ २०० किलोमीटर जाणारी दोन फुटी रुळांची आमची छोटी गाडी २०२० मध्ये बंद झाली. आता जयविलास राजवाड्यात पंगतीच्या टेबलावर फिरणारी चांदीची आगगाडी आहे, तिच्यात पाहुण्यांसाठी ब्रँडी आणि सिगार असायचे, आणि उबुंटूत ही. छोट्या गाडीच्या टपावर बसून गेलेल्या माणसांना हे इंजिन दाखवून बघा. ती मुद्दाम चुकीचं टाइप करायला लागतात.

मग ॲप्टनंही थोडा अंदाज बांधायला काय हरकत होती? काकांचं म्हणणं तेच. "एका अक्षराचा तर फरक असेल. समजून घ्यायला नको?" समजून घेण्यात एक अडचण आहे. टेसरॅक्टच्या भाषा तीन अक्षरी खुणांनी नोंदवल्या आहेत. 'एमआर' या दोन अक्षरांत एक अक्षर घालून होणारी एक खूण आहे 'एमएआर', म्हणजे मराठी. दुसरी आहे 'एमआरआय'. ती हाडं तपासायची नव्हे. न्यूझीलंडच्या माओरी भाषेची. दोन्ही पुरवण्या डेबियनच्या कोठारात आहेत, दोन्ही काकांनी लिहिलेल्या नावापासून बरोबर एकेका अक्षरावर. अंदाज बांधणाऱ्या कारभाऱ्यानं मनानंच दुसरी उचलली असती, तर काकांच्या गणेशोत्सवाचा कार्यक्रम माओरी समजून वाचला गेला असता, आणि अध्यक्षीय भाषण तसंही कुणाला कळलं नव्हतं, तरी आभारप्रदर्शनात अनर्थ झाला असता.

अंदाजाचा धोका याहून गंभीरही असतो. डेबियनच्या कोठारात कुणीही उठून आपलं पॅकेज ठेवू शकत नाही. ओळख पटलेली माणसं आणि सह्या लागतात. पण पायथन, जावास्क्रिप्ट, रूबी या भाषांची जी खुली कोठारं आहेत, तिथं नाव रिकामं असलं की ते कुणालाही घेता येतं. हँबर्गच्या एका विद्यार्थ्यानं २०१६ मध्ये प्रबंधासाठी प्रयोग केला. प्रसिद्ध नावांची किंचित चुकलेली रूपं त्यानं स्वतः नोंदवून ठेवली आणि वाट पाहिली. १७,००० हून अधिक संगणकांनी ती उतरवून चालवली. बोट घसरलं, आणि दार उघडून कुणीतरी "या, या" म्हणालं. त्या वेळी घरात विद्यार्थी होता म्हणून निभावलं.

काकांच्या भाच्यानं तोवर एका बोलक्या एआयला विचारून टाकलं होतं. त्यानं क्षणाचाही विलंब न लावता उत्तर दिलं: 'टेसरॅक्ट-ओसीआर-मराठी' बसवा. सोबत तीन ओळींची आज्ञा, एक हसरा चेहरा आणि 'आणखी काही मदत हवी का' अशी चौकशी. नाव किती छान! असायलाच हवं होतं असं नाव. काकांनी ते ॲप्टला सांगितलं. डन, डन, डन, ई. भाचा म्हणाला, ॲप्टमध्येच काहीतरी गडबड आहे.

इथं मला बाड्यावरचा माणूस भेटला. 'माहीत नाही' म्हणणं ज्याला असभ्यपणाचं वाटतं, तो. फरक एवढाच, की बाड्यावरचा माणूस निदान 'आगे किसी से पूछ लेना' असं जोडतो. या एआयनं तेवढीही पळवाट ठेवली नाही. कोड लिहून देणारी ही यंत्रं अस्तित्वात नसलेल्या पॅकेजांची नावं अशीच सहज सुचवतात, आणि सुचवलेलं काल्पनिक नाव आधीच नोंदवून त्यात विष भरून ठेवायचं, असा धंदाही निघालाय. त्याला 'स्लॉपस्क्वॉटिंग' म्हणतात. अशा वेळी कुणीतरी कोरड्या आवाजात 'सापडत नाही' म्हणणारं मध्ये उभं असावं. ॲप्टनं त्या दुपारी काकांना दोनदा 'सापडत नाही' म्हटलं, आणि दोन्ही वेळा तो बरोबर होता. लोकांना गोड बोलणारा आवडतो, त्याला इलाज नाही.

मी संध्याकाळी गेलो. काकूंनी पोहे केले होते, वर शेव, ग्वाल्हेरी पद्धतीनं जरा जास्तच. काकांना म्हटलं, नाव सांगू नका, काय हवंय ते सांगा. 'ॲप्ट सर्च टेसरॅक्ट' केलं. पडदाभर भाषा वाहून गेल्या, अरबीपासून योरुबापर्यंत. त्यांतून मराठी हा शब्द असलेली ओळ तेवढी गाळून घेतली. 'टेसरॅक्ट-ओसीआर-एमएआर'. पुढे इंग्रजीत, मराठीसाठीच्या फाइली. काकांनी चष्मा पुसून ती ओळ वाचली, पुन्हा वाचली.

"म्हणजे होती?"

"होती, काका."

"मग आधी का नाही बोलला?"

याचं उत्तर माझ्याजवळ होतं, पण तोंडात पोहे होते. स्मरणिकेचं पहिलं पान टेसरॅक्टनं ओळखलं. जोडाक्षरांत थोडे गोते खाल्ले, 'श्री'चं एके ठिकाणी काहीच्या काही केलं, पण मजकूर आला. काका हरखले. आता शुद्धलेखन तपासायचं. त्यासाठी ॲस्पेल आहे आणि त्याचा मराठी शब्दसंग्रहही कोठारात आहे. माझी वाट न बघता, नव्यानं मिळालेल्या ज्ञानाच्या बळावर काकांनी स्वतः टाइप केलं: 'ॲस्पेल-एमएआर'.

डन, डन, डन.

ॲस्पेलवाल्यांनी मराठीला दोन अक्षरी खुणेनंच नोंदवलंय: 'ॲस्पेल-एमआर'. काका क्षणभर पडद्याकडे बघत राहिले, मग काही न बोलता मधलं 'ए' खोडलं आणि एंटर दाबलं. आलं. ॲस्पेल एकेक शब्द तपासत निघाला आणि कार्यकारिणीच्या यादीत अडकला. काकांचंच आडनाव त्याला ठाऊक नव्हतं. खाली त्यानं तीन-चार जवळपासचे शब्द सुचवले, त्यांतला एक भाजीचा होता. काकांनी पर्याय नीट वाचले आणि 'ए' दाबलं, ॲड. यादीत घाल. पुढचं आडनाव आलं, तेही अपरिचित. ते मंडळाच्या त्या वेळच्या खजिनदारांचं होतं, ज्यांच्याशी काकांचं हिशेबावरून अजूनही बोलणं नाही. काकांनी 'आय' दाबलं. इग्नोर.